हवेची सूट

मी कधी खोटं बोलत नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही, माझा धंदाच तो आहे! जगात वजनकाटा खोटा निघेल, ज्योतिषी खोटा निघेल, आणि घड्याळाकडे बघत "अहो, बसा की अजून" म्हणणारा यजमान तर हमखास खोटा. पण माझं यंत्र आणि मी, आम्ही दोघं नाही.

माझ्या यंत्राला डायनो म्हणतात. जमिनीत बसवलेले जाडजूड रोलर. ट्रकची मागची चाकं त्यांच्यावर चढवायची, ट्रक पुढून-मागून पट्ट्यांनी जमिनीला आवळून बांधायचा, समोर माणूस उडेल असा पंखा लावायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबायचा. ट्रक जिवाच्या आकांताने पळतो आणि एक इंचही पुढे जात नाही. (माझंही सध्या साधारण असंच चाललंय, पण ते नंतर सांगतो.) मग पडद्यावर आकडा येतो. इंजिनात किती घोड्यांची ताकद आहे, त्याचा आकडा! मी शाळेतल्यासारखे गुण देतो म्हणून लोक मला मास्तर म्हणतात.

आता गंमत बघा. माणूस ट्रकला मोठा टर्बो बसवतो, नवे इंजेक्टर घालतो, मागे तोफेसारखी नळी लावतो आणि माझ्याकडे येऊन म्हणतो, "मास्तर, चारशे तर कुठे गेले नाहीत!" मी मोजतो. म्हणतो, "तीनशे बावन्न." त्यावर तो माझ्याकडे असा बघतो, की मीच मागच्या दाराने अठ्ठेचाळीस घोडे पळवून नेले! पट्टे सुटले की तडक निघून जातो, आणि परत कधी येत नाही. सत्य कडू असतं हे सगळे सांगतात. सत्य सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा कोणी फिरकत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

यंत्राच्या शेडला लागूनच घर, आणि घरीही तीच तऱ्हा. मुलीचं बाळंतपण आलं म्हणून बायको तिच्याकडे गेली. "दोन महिन्यांत येते," म्हणाली. त्याला आता दीड वर्ष झालं. नातू चालायला लागला, पळायला लागला, आणि ही अजून दोन महिन्यांत येतेच आहे. मी एक ताट घासतो, एक वाटी घासतो, आणि रोज संध्याकाळी तिचा फोन येतो.

"अहो, कोणी आलं होतं का आज?"

"नाही."

"काल?"

"काल कुठे? नाहीच."

"मग दिवसभर बोललात कोणाशी?"

"पंख्याशी."

खोटं बोलत नाही ना मी!

त्या दीड वर्षात मी दुधाची तीन भांडी जाळली. तिसऱ्या वेळी शेजारणीने चुगली केली आणि आठवड्याच्या आत बायकोने विजेवर चालणारी किटली पाठवून दिली. "गॅसला हात लावायचा नाही," असा हुकूमही सोबत. पण एकट्यासाठी एवढी किटली लावायची मला लाज वाटायची. पाणी उकळायचं, तर समोर दुसरं माणूस नको का? त्यामुळे किटली खोक्यातच राहिली आणि मी पाण्यावर दिवस काढले.

एवढ्यात लाकूडवाला आला. हाच तो तीनशे बावन्नवाला! ओंडके वाहणारा भला दांडगा ट्रक, आणि मालक त्याच मापाचा. तीन महिन्यांपूर्वी माझ्यावर रुसून गेला होता. आता येऊन म्हणाला, "मास्तर, नवा टर्बो बसवलाय. पण आधी मोजू नका. आधी ट्यूनिंग करा, मग एकदाच मोजा. मला एकदाच काय तो धक्का द्या."

माणूस परत आला होता! दुसऱ्यांदा! मला इतका आनंद झाला, की मी पहिलं काम काय केलं असेल, तर किटली खोक्यातून काढली. यंत्राशेजारच्या माझ्या काचेच्या केबिनीत एकच प्लग रिकामा होता, खिडकीजवळच्या फळीवरचा. तिथे ठेवली. झाकण जरा सैल होतं, त्यामुळे पाणी उकळलं तरी ती बंद व्हायचं नाव घेईना. म्हटलं, उकळू दे. माणूस आलाय घरात.

दोन तास मी जीव ओतून काम केलं. लॅपटॉप लावला, डिझेल किती आणि कुठल्या क्षणाला आत सोडायचं ते ओळीने बदललं, धूर काळा झाला की मागे आलो, पांढरा झाला की पुढे गेलो. मधे दोनदा चहा झाला. शेवटी त्याने डोळे मिटले, मी पाय दाबला, ट्रक पट्ट्यांत थरथरला आणि पडद्यावर आकडा आला. चारशे बारा!

लाकूडवाल्याने मला मिठी मारली. मला शेवटची मिठी कधी मिळाली होती ते मी तिथेच आठवून बघितलं आणि मग आठवणं सोडून दिलं. तो तास-दीड तास बसला. गुडघेदुखीवर बोलला, जावयावर बोलला, आणि सगळ्यात जास्त बोलला साडूवर. साडू म्हणजे त्याच्या मेहुणीचा नवरा, खडी वाहतो. "सासूबाई उठता-बसता त्याचंच कौतुक करतात, मास्तर! आता बघा म्हणावं, चारशे बारा!"

संध्याकाळी बायकोला म्हणालो, "आज एक माणूस दीड तास बसला!"

"अगंबाई! कशासाठी?"

"मी चहा केला होता."

"तुम्ही?" ती म्हणाली आणि उगाचच खोकली.

दुसऱ्याच दिवशी खडीवाला हजर. हडकुळा, बारीक मिशीचा, पण ट्रक साडूपेक्षा वीतभर उंच! मागून लाकूडवालाही आला, कारण साडूचा आकडा त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पडलेला बघायचा होता. आता तीन माणसं म्हणजे किटली दोनदा लावावी लागली. खडीवाल्याचा आकडा आला चारशे एकोणीस.

"मास्तर, माझा परत मोजा!" लाकूडवाला ओरडला.

"अहो, कालच मोजलाय."

"काल इंजिन लाजत होतं!"

परत बांधला, परत चहा, परत मोजला. चारशे सव्वीस! खडीवाला म्हणाला, आता माझा. झालं! त्या दिवशी दोघांनी मिळून पाच वेळा मोजलं आणि मला वाटलं, संध्याकाळ कधी होऊच नये.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. "मास्तरांकडे आकडा चांगला येतो!" शनिवार ठरून गेला. टँकरवाला आला, पाण्याचा ट्रकवाला आला, क्रेनवाला आला, ज्याच्याकडे ट्रकच नाही असा एक विमा एजंटही येऊन बसायला लागला. दुसऱ्या खुर्चीवर वर्षानुवर्षं जुने फिल्टर रचलेले होते, ते मी उचलून फेकले. मग बाक आणला. भिंतीवर फळा लावला, त्यावर खडूने प्रत्येकाचा आकडा लिहायचा. छोटी किटली पुरेना, तेव्हा बारा कपांची मोठी आणली. बेकरीवाल्याने साखरेचा डबा आणून ठेवला. कोणी आलं, की हाक मारायचं, "मास्तर, येऊ का?" या तीन शब्दांसाठी माणूस काय काय करेल, ते ज्याच्या दारावर ते शब्द दीड वर्ष पडले नाहीत त्याने सांगावं.

सगळे खूश होते. मी सगळ्यात जास्त.

पहिली पाल चुकचुकली ती बेकरीवाल्याच्या गाडीपाशी. पाव वाटायची खटारा व्हॅन. सायकलवालासुद्धा तिला घंटी वाजवून पुढे जातो. नवीन असताना कंपनीने सत्तर घोडे सांगितले होते. वीस वर्षांनी, एका बाजूला कललेली असताना तिचा आकडा आला त्र्याहत्तर!

"मला आधीपासून वाटत होतं," बेकरीवाला डोळे पुसत म्हणाला, "की हिच्यात काहीतरी आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण वय वाढलं की ताकद वाढते, हे माझ्या स्वतःच्या गुडघ्यांना तरी पटेना. रविवारी एकटाच आत गेलो आणि माझी जुनी पिकअप रोलरवर चढवली. तिचे गुण मला पाठ आहेत. एकसष्ट. मोजले, एकसष्टच आले. यंत्र तर ठणठणीत होतं! सोमवारी टँकरवाला आणि क्रेनवाला आले, चहा झाला, गप्पा झाल्या, आणि मी सहज म्हणून पिकअप पुन्हा मोजली. चौऱ्याहत्तर!

मी रोलर तपासले. तेल बदललं. वजनं टांगून यंत्राचा काटा तपासला. काही सापडेना. संध्याकाळी बायकोला म्हणालो, "अगं, माणसं जमली की इंजिनाची ताकद वाढते."

"माणसं जमली की तुमचीही वाढलीय. आवाज बघा किती खणखणीत येतोय."

"थट्टा नको. एकटा असलो की बरोबर मोजतं आणि चारचौघांत फुगवून सांगतं!"

"म्हणजे अगदी माझ्या भावासारखं," ती म्हणाली. मग एकदम आठवून म्हणाली, "बरं, ती मोठी किटली भिंतीला लागून नाही ना ठेवलीत? रंगाचे पापुद्रे निघतात. वाफ कुठे जाते तिची?"

मी फोन कानाला तसाच धरून मान वळवली.

आता इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी. हवा गरम किंवा दमट असली, की इंजिनाला धाप लागते. त्यात बिचाऱ्या इंजिनाची काय चूक? तापात पेपर लिहिलेल्या पोराला मास्तर चार गुण वरून देतात, तसे माझं यंत्र खराब हवेसाठी थोडे घोडे वरून देतं. त्याला मी हवेची सूट म्हणतो. हवा कशी आहे ते यंत्राला सांगायला एक छोटी डबी असते. ती खिडकीजवळच्या फळीवर वीस वर्षं एका जागी बसून आहे. इतकी वर्षं न कुरकुरता एका जागी बसलेल्याकडे कोण लक्ष देतं? तो उठून गेल्यावरच कळतं.

किटलीचं तोंड बरोबर त्या डबीकडे होतं. डबीवर घामासारखे थेंब जमले होते. मी पडद्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली. दुपारच्या मोजणीच्या वेळी डबीच्या मते माझ्या केबिनीत छप्पन्न अंश तापमान होतं! अशा भट्टीतही इंजिन पळतंय म्हटल्यावर यंत्राचं मन द्रवत होतं आणि ते खिरापतीसारखे घोडे वाटत सुटलं होतं. जितकी माणसं, तितका चहा. जितका चहा, तितके घोडे!

"अहो? आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. "पापुद्रे निघालेत."

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: कोणाला काय कळतंय? कोणाचं नुकसान होतंय? फळ्यावर आकडे आहेत, बाकावर माणसं आहेत. किटली एक हात सरकवायची, की पुन्हा मी, पंखा आणि पाणी. चार दिवस मी ती सरकवली नाही. वीस वर्षांत कधी खोटं न बोललेला मी चार दिवस रोज एका किटलीकडे बघून गप्प बसलो.

शुक्रवारी लाकूडवाल्याचा फोन आला. "मास्तर, उद्या शेवटचा सामना! साडूला हरवलं, की सोमवारपासून दोन टन जास्त भरणार. वखारीच्या चढावर साडू मागून बघत राहील!"

त्या चढावर मी एकदा गेलो होतो. एका बाजूला दरी आहे. भरलेला ट्रक मधेच दमला, तर मागे यायला लागतो. त्याच्या इंजिनात किती घोडे खरे होते, ते मला ठाऊक होतं, आणि या माणसाने मला मिठी मारली होती. मी उठलो, किटली उचलली आणि बाहेर अंगणात नेऊन ठेवली.

शनिवारी चौदा माणसं जमली.

"मास्तर, चहा कुठंय?"

"आज चहा नाही. आधी मोजू."

"चहाशिवाय?" चौदा तोंडं एकदम उघडली. विमा एजंट तर जायलाच निघाला.

मी लाकूडवाल्याचा ट्रक बांधला, पाय दाबला. आकडा आला तीनशे सहासष्ट. लाकूडवाला फळ्याकडे बघे, पडद्याकडे बघे. शेवटी साडूकडे वळून म्हणाला, "काय केलंस तू माझ्या ट्रकला?"

"मी? मास्तर, माझा मोजा!"

खडीवाल्याचा आला तीनशे एकसष्ट.

"यंत्र बिघडलंय!" खडीवाला गरजला.

"बिघडलंयच!" लाकूडवाला म्हणाला. दोघा साडूंचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते माझ्या विरुद्ध!

"यंत्र बिघडलेलं नाही," मी म्हणालो. "आज बरोबर आहे. इतके दिवस चहा बोलत होता." आणि सगळं सांगितलं. कोणाला पटेना. मग अंगणातून किटली आणली, डबीसमोर लावली, पाणी उकळू दिलं आणि रोलरवरचा तोच ट्रक, कशालाही हात न लावता, पुन्हा मोजला. चारशे चव्वेचाळीस! क्रेनवाल्याने किटलीचं झाकण पूर्ण उचललं. चारशे एकावन्न!

"म्हणजे माझी व्हॅन..." बेकरीवाला हळूच म्हणाला.

"साठ," मी म्हणालो. "पण तिच्या वयाला साठ म्हणजे उत्तम!"

मी लाकूडवाल्याला म्हणालो, "शेठ, तीनशे बावन्नचे तीनशे सहासष्ट झालेत. चौदा घोडे मी ट्यूनिंगने वाढवलेत, ते अगदी खरे आहेत." पण मनात शंभर घोडे नाचत असलेल्या माणसाला चौदांचं काय? त्याने फळ्यावरचा आपला आकडा तळहाताने पुसला आणि गेला. मग एकेक जण आपापला आकडा पुसून गेला. सगळ्यात शेवटी बेकरीवाला राहिला होता. मला वाटलं, हा तरी थांबतोय.

"मास्तर," तो खाली बघत म्हणाला, "साखरेचा डबा माझा होता."

मी डबा दिला. मग चौदा कोरडे कप पुन्हा फळीवर लावून ठेवले. धुवायलाही काही नव्हतं.

पुढचा शनिवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही. मी बाक झटकत होतो, फळा पुसत होतो, पुसलेला फळा पुन्हा पुसत होतो. तिसऱ्या शनिवारी दाराबाहेर चपला वाजल्या. ट्रकचा आवाज नव्हता. लाकूडवाला पायीच आला होता.

"मोजायचं नाही," तो दारातूनच म्हणाला. मग बाकावर बसला. बराच वेळ गुडघे चोळत राहिला. "वखारीच्या चढावर पूर्वी दुसरा गिअर टाकावा लागायचा. आता गाडी तिसऱ्यात चढते."

"चौदा घोडे," मी म्हणालो.

"हं. जास्तीचे दोन टन भरले नाहीत."

मी घाईघाईने किटली लावली, आता पार पलीकडच्या भिंतीपाशी. कप हातात दिला. त्याने एक घोट घेतला, कपात बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही माझ्याशी खरं बोललात. मीही बोलतो. तुमचा चहा भयंकर असतो. पहिल्या दिवसापासून! आकडा चांगला येत होता, म्हणून सगळे पीत होते."

"सगळे?"

"क्रेनवाला तर खिडकीतून ओतायचा. तिथलं गवत बघा."

मी बघितलं. वाळलं होतं.

"मग आज कशाला आलात?"

"साडू घरी आलाय," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत हलणार नाही." आणि चहा न संपवता तसाच बसून राहिला. कधी तो जावयाबद्दल काही बोले, कधी मी पंख्याबद्दल. निघताना "येतो" म्हणाला. पुन्हा कधी ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"अहो, कोणी आलं होतं का आज?"

"हो तर!" मी म्हणालो. "तीन-चार जण होते."

तिला किटलीची सगळी हकीगत मी कधीच सांगितली होती.

"सूट काढून सांगा."

"एक."

"किती वेळ बसला?"

"दोन तास."

"सूट काढून?"

"पाऊण तास."

ती हसली. इतक्या लांबून, पण मनापासून हसली. मलाही हसू आलं, आणि त्याच भरात मी विचारून बसलो, "आणि तू कधी येतेस?"

"दोन महिन्यांत."

"सूट काढून?"

नातू रडेल, मुलगी हाक मारेल, निदान दाराची घंटी वाजेल, अशी मी वाट पाहिली. तिच्या मदतीला कोणीतरी यायला हवं होतं. कोणी आलं नाही. आणि तीही माझ्यासारखीच, खोटं बोलत नाही.

"जेवलात का?" तिने विचारलं.